स्वस्त गोळी, महाग निदान

एखाद्या रोगावरील औषध दुर्मिळ वा महाग असेल तर उपचार रखडणे समजू शकते. परंतु औषध जुने, गुणकारी, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील व म्हणून किंमत-नियंत्रणाखालील असूनही रोगी वर्षानुवर्षे त्यापासून वंचित राहत असेल, तर दोष अन्यत्र शोधला पाहिजे. थायरॉइड ग्रंथीच्या मंदावलेल्या कार्याबाबत नेमके हेच घडत आहे. (परिभाषाकोशाने हिला अवटू ग्रंथी असे नाव दिले, लोकांनी ते घेतले नाही, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.) या ग्रंथीचे संप्रेरक १९२७ सालीच प्रयोगशाळेत तयार करता आले. आज त्याची रोजची गोळी ही कनिष्ठ मध्यमवर्गीय घरालाही न परवडणारी वस्तू नाही.

हे संप्रेरक कमी पडले की शरीराचा सारा कारभार संथ होतो. थकवा, वाढते वजन, थंडी न सोसणे, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, केस गळणे, पाळीतील अनियमितपणा, विसराळूपणा, उदासी. यातले एकही लक्षण असे नाही, की जे ऐकून घरातील माणसे दचकून उठतील. ‘वयोमानाने होते’, ‘फार विचार करतेस’ या दोन वाक्यांत बहुतेक तक्रारींची वासलात लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोवा यांसह आठ ठिकाणी केलेल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींत हा विकार आढळला, आणि त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश व्यक्तींना आपणांस तो आहे याची कल्पनाच नव्हती. ही शहरांतील स्थिती. जेथे प्रयोगशाळा कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत तेथील.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो, आणि येथे प्रश्न वैद्यकाच्या कक्षेतून अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते. घरकाम करणारा पुरुष ९७. या श्रमांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. ज्या श्रमाला किंमत नाही, त्या श्रमात आलेल्या थकव्यालाही किंमत नाही, हे ओघानेच आले. कचेरीतील कारकून चार दिवस गैरहजर राहिला तर त्याच्या रजेचा अर्ज होतो. गृहिणीच्या मंदावलेल्या हातांची दखल घेणारे हजेरीपत्रक कोठेही नाही.

बरे, केवळ लक्षणांवरून निदान करता येते असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि रक्तक्षयाचा थकवा थायरॉइडच्या थकव्याहून रोग्याला वेगळा जाणवत नाही. म्हणून रक्ताची तपासणी अपरिहार्य ठरते. ग्रंथीचे उत्पादन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी, मुख्य कचेरीने कारखान्याला तगाद्याची पत्रे धाडावीत तसे, टी.एस.एच. नावाचे संप्रेरक अधिकाधिक सोडू लागते. तो तगादा मोजणे म्हणजेच ही तपासणी. शहरात तिला काही शे रुपये लागतात. खेड्यातील शेतमजूर स्त्रीला मात्र त्यात एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि अहवाल आणण्यासाठी दुसरी खेप मिळवावी लागते. टॉनिकची बाटली याहून स्वस्त पडते. म्हणूनच ती विकली जाते.

याची दुसरी बाजूही तितकीच चिंताजनक आहे. ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांना प्रयोगशाळा सवलतीच्या ‘पॅकेज’मध्ये पन्नास तपासण्या विकतात, आणि टी.एस.एच.चा आकडा मर्यादेच्या किंचित वर दिसताच जन्मभराची गोळी सुरू होते. वस्तुतः आजारपणानंतर हा आकडा तात्पुरता वाढतो. सौम्य वाढ पुष्कळदा आपोआप उतरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका मोठ्या चाचणीत, अशी सौम्य वाढ असलेल्या पासष्टीपुढील व्यक्तींना गोळी देऊनही त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. थोडक्यात, ज्यांना गरज आहे त्यांची तपासणी होत नाही आणि ज्यांची तपासणी होते त्यांतील सर्वांना गरज नसते. बाजारावर सोडून दिलेल्या आरोग्याचे वाटप असेच होणार.

यावर उपाय सरसकट सर्वांची तपासणी हा नव्हे. लक्षणे असलेल्या स्त्रीच्या रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रातच घेतला जावा आणि अहवाल तेथेच यावा. तिला दुसरी खेप पडू नये. थोडक्या वाढीवर निर्णय घेण्यापूर्वी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा व्हावी. गर्भवतींपैकी अधिक धोका असलेल्यांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्य मंत्रालयाने २०१४ सालीच काढली आहेत. गर्भाच्या मेंदूची वाढ यावर अवलंबून असल्याने तेथे दिरंगाईला क्षमा नाही.

आणि गोळी हाती दिली म्हणजे काम संपले असे नाही. ती सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची, सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवावयाची, बरे वाटले म्हणून मनाने थांबवावयाची नाही. शासन गर्भवतींना ज्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या देते, त्या थायरॉइडच्या गोळीचे शोषण रोखतात. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. हे जिला कोणी सांगितले नाही ती सर्व गोळ्या एकाच घोटाबरोबर घेते, आणि दोन महिन्यांनी अहवाल जसाच्या तसा येतो. हे समजावून सांगण्यास परिचारिकेला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे तिच्या कामात धरलेली असली पाहिजेत.