पांढरी तूर, तांबडी तूर

यंदा संक्रांतीच्या सुमारास मामांनी गावाहून घरची तूर पाठविली. एरवी हे दाणे एकजात पांढरे असत. या खेपेस त्यांत तांबड्यांची सरमिसळ दिसली. भरडल्यावर दोन्हींची डाळ पिवळीच, म्हणून घरात कुणी मनावर घेतले नाही. मला मात्र ते खटकले.

तूर सगळीकडे सारखीच, अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रदेशागणिक तिची प्रकृती निराळी. दिवस लहान होऊ लागले की फुलणारे हे झाड. उत्तर प्रदेश-बिहारात जून-जुलैत पेरलेली तूर थंडी सोसून मार्च-एप्रिलपर्यंत शेतात उभी असते. पंजाब-हरियाणात गव्हासाठी रान वेळेवर मोकळे व्हावे लागते, म्हणून तेथे लवकर येणारे वाण. मराठवाड्यातील कोरडवाहू रानात ओल संपण्यापूर्वी दाणा भरला पाहिजे; बदनापूरच्या संशोधन केंद्राचा पांढऱ्या दाण्याचा ‘बीडीएन ७११’ सुमारे १५० ते १५५ दिवसांत तयार होतो. ‘बीएसएमआर ७३६’ हा तांबडा वाण अधिक वेळ घेतो, पण मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढे टिकतो. पूर्व आफ्रिकेतील केनिया-टांझानियात पांढऱ्या, टपोऱ्या दाण्याला मान. तेथे ओले दाणेही आवडीने शिजवतात. (ओल्या तुरीची गोडी गुजरातेतही तितकीच!)

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ‘इक्रिसॅट’च्या शीतगृहात तुरीचे १३,००० हून अधिक नमुने जपलेले आहेत. त्यांचे मोल मोठेच. पण मामांच्या पांढऱ्या तुरीची काळजी शीतगृह कशी घेणार? तिला ते शिवार अंगवळणी पडले आहे.

मामांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. बांधापलीकडे शेजाऱ्यांनी काही वर्षांपासून तांबडी तूर धरली आहे. हरभऱ्याचे फूल बहुधा आपल्याच परागावर फळते. तुरीच्या फुलावर मात्र मधमाश्या येतात आणि पराग इकडचा तिकडे होतो. शुद्ध बी राखायचे तर दोन वाणांत शंभर-दोनशे मीटर अंतर हवे. मामांचे रान तेवढे रुंद नाही.

मामींनी बियाण्यासाठी परातीत पांढरे दाणे निवडून ठेवले आहेत. परंतु दाण्याचे टरफल मातृझाडाचे असते. परागातून झालेला संकर त्यावर दिसत नाही, तो पुढच्या पिकात उमटतो. म्हणून मामांनी ठरविले आहे की, यापुढे बियाण्याच्या शेंगा बांधालगत न तोडता रानाच्या मध्यावरील झाडांच्याच घ्यायच्या आणि तांबडा दाणा दिसला की ते झाड बियाण्यातून वगळायचे.