वाळवणाचा पंचनामा

मराठीत लिहू लागलेल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी वळवाच्या पावसावर लिहिलेच पाहिजे, असा काही दंडक असावा. त्यात मातीचा वास असतो, ओंजळीत झेललेल्या गारा असतात, खिडकीशी उभे राहिलेले कोणीतरी असते. चहाचा पेलाही बहुधा असतो. हा मजकूर मी चाळीस वर्षे वाचत आलो आहे आणि पुष्कळदा दिवाळी अंकांतूनच वाचत आलो आहे. तेव्हा माझी तक्रारही दिवाळी अंकातच मांडावी हे बरे. फराळाच्या ताटासमोर भांडण काढतो आहे, त्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

माझे भांडण लेखकांशी थोडे आणि सरकारदरबाराशी पुष्कळ आहे. पावसाशी मुळीच नाही.

पावसाशी का नाही, ते आधी सांगतो. हल्ली वर्तमानपत्रांनी ‘अवकाळी’ हा एक शब्द धरून ठेवला आहे. जून उजाडण्यापूर्वी पडेल तो सगळा पाऊस अवकाळी! फेब्रुवारी-मार्चमध्ये उभ्या गव्हावर आणि द्राक्षांच्या घडांवर गारा पडल्या तर त्याला अवकाळी म्हणा, माझी हरकत नाही. २०१४ साली याच दोन महिन्यांत गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र झोडपून काढला. त्याला दुसरा शब्द नव्हता. पण चैत्र-वैशाखातल्या दुपारी जो येतो तो वळीव. जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्रावरची ओली हवा तिला येऊन मिळते आणि चार वाजायच्या सुमारास ढग उभाच्या उभा वाढू लागतो. हे आजचे नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याला नाव ठेवले होते, आणि अकल्पित पाहुण्याला कोणी आधी नाव ठेवून वाट पाहत नाही. वळीव पडला की नांगरट सोपी जाते, ढेकळे फुटतात, म्हणून वाट पाहणारेही असत. दरवर्षी येणाऱ्याला अवकाळी म्हटले की एक सोय होते. कोणालाच आधी काही करून ठेवावे लागत नाही. आकाशाकडे बोट दाखवले की काम झाले!

आता २०२३च्या एप्रिलातली एक दुपार सांगतो.

आमचे गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, पर्जन्यछायेत. मी सुटीसाठी गेलो होतो. त्या दिवशी आमच्या अंगणात कुरडया घातलेल्या होत्या. शहरातल्या ज्या वाचकांना कुरडई फक्त तळलेली ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो: गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज त्याचे पाणी बदलावे लागते, चौथ्या दिवशी तो वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. पहाटे वरचे पाणी ओतून टाकून तो चीक मोठ्या पातेल्यात शिजवायचा. हे शिजवणे पोरासोराचे काम नव्हे. क्षणभर हात थांबला की गुठळी होते. पोरे मात्र वाटीत गरम चीक आणि वर साखर घेऊन त्याच वेळी पायांत पायांत करीत असतात. मग सोऱ्या दाबून दाबून कुरडया पाडायच्या, खाटेवर, धोतरावर, लुगड्यावर, ऊन चढण्याआधी. दोन कडक उन्हे लागली की डब्यात. एकीच्या घरी आज, दुसरीच्या घरी उद्या, अशा पाच घरच्या बाया सावडीने हे करतात.

त्या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट होती. थोरल्या वहिनींच्या बचतगटाने नाशकातल्या एका दुकानाची मागणी घेतली होती. साठ किलो गहू गटाच्या कर्जातून घेतलेला. त्यातला निम्मा त्या दिवशी आमच्या आणि शेजारच्या अंगणात पांढरा शुभ्र पसरलेला होता.

साडेतीनला वारा पडला. झाडाचे पान हलेना. पूर्वेच्या कोपऱ्यात काळेभोर आले आणि शेळी ओरडायला लागली. नंतर जी वावटळ उठली तिने आधी पाचोळा नेला, मग ताडपत्रीचे टोक उचलले. थेंब पडले. आणि वाचकहो, खोटे कशाला सांगू, वास आला. तो जगप्रसिद्ध वास! मी दारात उभा राहून छाती भरून घेतला. इतकेच नव्हे, मनात वाक्यही जुळू लागले होते.

“भाऊजी, वास मागून घ्या, आधी खाटेचं ते टोक धरा!”

वहिनींनी ओरडून सांगितले तेव्हा मी धावलो. पण एका खाटेला दोन माणसे लागतात, खाटा नऊ होत्या आणि दार एक. दादा आणि पुतण्या कांद्याच्या पोळीकडे पळाले होते. तेही बरोबरच होते, कांदा भिजला तर चाळीत सडतो. म्हातारी आई लेकरे आणि करडे आत ओढीत होती. कडब्याच्या गंजीवर कोणी नव्हते. तीन खाटा आत आल्या. चौथी दारात अडकली आणि गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग बोरांएवढ्या. शेजारच्या गोठ्याचा एक पत्रा वरच्या दगडांसकट उडाला आणि आमच्या आंब्याला जाऊन आदळला. पत्रा उडतो तेव्हा मृद्गंध कोणाला आठवत नाही. त्याच महिन्यात, ९ एप्रिलला, अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिरापुढच्या पत्र्याच्या शेडवर वादळात मोठे झाड कोसळून सात माणसे गेली होती. ती बातमी घरोघरी वाचलेली होती.

अर्ध्या तासात सगळे संपले. ऊन पडले. अगदी चित्रातल्यासारखे पडले! अंगणात कुरडयांची पेज झाली होती. गोवऱ्यांची रास विरघळून कडेने काळे पाणी चालले होते. सरपण भिजले. कैऱ्यांचा सडा पडला होता आणि पोरे तो फ्रॉकच्या ओच्यात भरीत होती. पण मार लागलेली कैरी लोणच्याला चालत नाही, हे त्यांना कोणी सांगावे? वहिनी चौथ्या खाटेपाशी बसून एकेक कुरडई उचलून पाहत होत्या. बोलत काहीच नव्हत्या.

चार दिवसांनी पंचनाम्याला तिघे आले: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. माणसे वाईट नव्हती. उन्हातान्हात बांधाबांधाने फिरत होती. गट नंबर विचारीत, क्षेत्र लिहीत, कांद्याचे नुकसान तेहेतीस टक्क्यांच्या वर आहे की खाली याचा अंदाज घेत. (पूर्वी ही अट पन्नास टक्क्यांची होती, २०१५ साली ती तेहेतीसवर आली; ते चांगले झाले.) आमच्याकडे चहा झाला तेव्हा वहिनी दाराआडून म्हणाल्या,

“भाऊसाहेब, आमच्या कुरडयांचंबी लिवा की. तीस किलोचा गहू गेला.”

भाऊसाहेब हसले. चेष्टेने नव्हे, ओशाळून. “मावशी, लिहिलं असतं. पण कुरडयांना गट नंबर नसतो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या गृहस्थाने नकळत एक पूर्ण व्यवस्था एका ओळीत सांगितली. गट नंबर जमिनीला असतो; जमीन सातबाऱ्यावर असते; सातबारा दादाच्या नावाचा. शेतातले नुकसान हे नुकसान. अंगणातले नुकसान म्हणजे बायकांचे काहीतरी.

यावर मला एक विद्वान स्नेही म्हणाले, “अहो, दुष्काळ आणि गारपिटीच्या देशात कुरडयांचे काय घेऊन बसलात? कुठेतरी रेघ ओढावीच लागते.” ओढावी लागते, कबूल. ती कुठे ओढली आहे ते पाहू. २०२२ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राने आपत्तीतल्या मदतीचे जे निकष ठरवले त्यांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये आहेत. दुभत्या गाईम्हशीला ३७,५००, शेळीला ४,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. कोंबडीलासुद्धा शंभर रुपये आहेत! आणि यात काही चूक आहे असे मी म्हणत नाही. कोंबडी गेली तर शंभर रुपये मिळावेत. पण याच यादीत पुढे हातमाग आणि हस्तकलेचे कारागीर आहेत. त्यांचा कच्चा माल, अर्धवट झालेला माल किंवा तयार माल वाया गेला तर प्रत्येकी ५,००० रुपये. म्हणजे अर्धवट झालेला माल भिजतो आणि त्याने माणूस बुडतो, हे सरकारला कळते. विणकराचे कळते. मग साठ किलो गव्हाचे कर्ज काढून नऊ बायांनी खाटांवर घातलेला माल हा अर्धवट झालेला माल नव्हे, तर काय आहे? हौस?

पीकविम्याचेही तेच. २०१६च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत, कापून शेतात वाळत पसरलेल्या पिकाला काढणीनंतर चौदा दिवसांपर्यंत संरक्षण देणारे कलम होते. वाळत पडलेल्या वस्तूवर पाऊस पडतो हे तत्त्व मान्य! फक्त ती बांधाच्या आत पाहिजे. महाराष्ट्राने २०२५च्या खरिपापासून तेही कलम वगळले, तो भाग निराळा. त्यावर पुरुषमंडळी भांडत आहेत आणि त्यांनी भांडावेच.

स्नेह्यांचा दुसरा मुद्दा असा की, वाळवणाचे मोजमाप कसे करणार? उद्या कोणीही सांगेल माझे दोन पोती पापड गेले. म्हणजे बांधावर उभे राहून तेहेतीस टक्के डोळ्यांनी मोजता येतात, आणि खाटेवर पडलेला चीक मोजता येत नाही! बचतगटाची वही असते, कर्जाची नोंद असते, गहू घेतल्याची पावती असते. कित्येक कांद्याच्या पोळींपेक्षा हा हिशोब अधिक चोख असेल.

खरे म्हणजे या प्रश्नाला जुने मूळ आहे, आणि ते आमच्याच जिल्ह्यात आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिलांचे अधिवेशन भरले. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया तेथे मालमत्तेविषयी बोलल्या. त्यातूनच पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. कित्येकांनी केला. आमच्या दादाने केला नाही, आणि मीही त्याला कधी म्हटले नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लिहिले नाही तर बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार राहत नाही. कारण सातबाऱ्यावर वहिनींचे नाव असते तरीही कुरडयांना गट नंबर मिळाला नसता, हे खरे; पण पंचनाम्याच्या वेळी त्या दाराआडून बोलल्या नसत्या.

मदतीचे पैसे हा तर शेवटचा उपाय झाला. वळीव येणार हे ठाऊक असताना आधी काय करून ठेवले? कांद्याची चाळ बांधायला अनुदान आहे. द्राक्षावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालण्याचे प्रयोग झाले. कुत्सितपणे बोलत नाही, हे सगळे लागतेच. पण गावागावांत सभामंडप झाले, प्रवेशद्वाराच्या कमानी झाल्या, त्यांवर देणगीदारांची नावे झाली. बायकांना वाळवण घालायला, वरून पारदर्शक पत्रा आणि चारी बाजूंनी वारा खेळेल अशी एक साधी शेड कोणत्या ग्रामपंचायतीला सुचली? आमच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा एक सदस्य म्हणाले, “एवढा खर्च पापडांसाठी?” सभा हसली. बाया मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

मध्यंतरी सरकारने या मंडळींची पदनामे बदलली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नाव लांबले, छान झाले. पंचनाम्याच्या कागदावर वाळवणाचा एक रकाना लांबवायला मात्र शाई पुरली नाही. २०२५ साली तर मे महिन्यात पावसाने पाठच सोडली नाही. मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला, इतका लवकर तो तोवर कधी आल्याची नोंद नव्हती. त्या वर्षी वहिनींनी गहू भिजतच घातला नाही. गटाचे २०२३चे कर्ज त्यांनी बाहेर निंदणीला जाऊन फेडले होते. पुन्हा ती जोखीम कोण घेणार?

लेखकमित्रांना एवढेच सांगणे की, मातीचा वास खरा आहे. मी घेतला आहे. पण पुढच्या वळवावर लिहाल तेव्हा खिडकीतून मान थोडी खाली करा. अंगणात कोणीतरी खाटेचे एक टोक धरून दुसऱ्या टोकाला माणूस शोधत असेल.

२०२३च्या त्या कुरडयांपैकी तीन खाटा वाचल्या होत्या आणि चौथीवरच्या थोड्या वहिनींनी पुन्हा उन्हात घालून ठेवल्या होत्या. त्या काळपट पडल्या. दुकानाने घेतल्या नसत्या. त्या दिवाळीत पाडव्याला तेच भाऊसाहेब फराळाला आले. पुरणपोळी होती, आमटी होती. वहिनींनी मुद्दाम त्या काळपट कुरडया तळून त्यांच्या ताटात वाढल्या आणि पुढे उभ्या राहिल्या. दाराआड नव्हे, ताटासमोर.

“कशा झाल्यात भाऊसाहेब?”

भाऊसाहेबांनी दोन खाल्ल्या. मग खाली पाहतच तिसरी मागितली.