शाळा सत्याची, खोडरबर हुकमाचं

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात फोर्ट मीड नावाचा लष्करी तळ आहे. तिथे 'डिफेन्स इन्फर्मेशन स्कूल' नावाची शाळा चालते. भूदल, नौदल, हवाई दल, मरीन, तटरक्षक अशा सगळ्या दलांतले जवान आणि अधिकारी तिथे बातमी लिहायला, फोटो काढायला, व्हिडिओ करायला आणि पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला शिकतात. थोडक्यात, सैन्याची बाजू लोकांपुढे कशी मांडायची याचं शिक्षण. शाळेचं ब्रीद आहे 'सत्यातून सामर्थ्य'.

आंबेडकरी तरुणांना या शाळेशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. आमचं उत्तर सरळ आहे. ज्यांचा इतिहास कायम दुसऱ्यांच्या कागदावर लिहिला गेला, त्यांनी तो कागद कोण लिहितो आणि कोण फाडतो हे पाहिलंच पाहिजे.

ही शाळा कशी वाढली ते आधी बघा. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल बरॅक्समध्ये अमेरिकन भूदलाने माहिती-शाळा काढली. पुढे ती न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकमला गेली. १९६४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं, १९६५ मध्ये ती इंडियानात हलली आणि १९९५ मध्ये फोर्ट मीडला आली. नंतर फोटोग्राफी आणि दृश्य माध्यमं शिकवणाऱ्या सैन्याच्या वेगळ्या शाळाही तिच्यात विलीन झाल्या. पूर्वी लेखणीवाला वेगळा आणि कॅमेरावाला वेगळा शिकायचा. आता एकाच जवानाने लिहावं, फोटो काढावेत, चित्रफीत कापावी, असा पायाभूत अभ्यासक्रम आहे. मित्र देशांचे विद्यार्थीही तिथे येतात. सैन्याला तोफेइतकीच कॅमेऱ्याची गरज असते, हे अमेरिकेने फार आधी ओळखलं.

आता जागेकडे बघा. ज्या कार्लाइल बरॅक्समध्ये सैन्य आपली कहाणी सांगायला शिकलं, तिथेच १८७९ ते १९१८ या काळात मूलनिवासी मुलांची सरकारी निवासी शाळा होती. दूरदूरच्या जमातींतून मुलं आणायची, त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची आणि आईची भाषा बोललं की शिक्षा करायची. किती तरी मुलं घरी परतलीच नाहीत, त्यांच्या कबरी तिथेच आहेत. एका पिढीची जीभ जिथे कापली, तिथेच पुढे सैन्याच्या बोलक्या जिभेची शाळा भरली. हा योगायोग असेल. पण सत्ता कुणाला बोलायला शिकवते आणि कुणाला गप्प करते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

अमेरिकन संरक्षण खात्याची माहिती देण्याची तत्त्वं कागदावर उत्तम आहेत. सरकारवर टीका होईल किंवा त्याची लाज जाईल म्हणून माहिती दडवायची नाही आणि या कामात प्रचाराला जागा नाही, असं ती सांगतात. या शाळेचं शिक्षण याच तत्त्वांवर उभं आहे.

मग २०२५ साली काय झालं? २६ फेब्रुवारीला संरक्षण खात्याने हुकूम काढला की विविधता, समता आणि समावेशाचा पुरस्कार करणारा सगळा मजकूर ५ मार्चपर्यंत संकेतस्थळांवरून आणि समाजमाध्यमांवरून काढा. असोसिएटेड प्रेसच्या हाती लागलेल्या यादीत २६ हजारांहून जास्त फोटोंवर खूण होती. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाचे फोटोही त्यात होते, कारण नावात 'गे' हा शब्द! वैमानिकाच्या आईचं नाव, तेही यादीत.

हे हसण्यावारी नेऊ नका. त्याच झाडाझडतीत नवाहो कोड टॉकर्सची पानं गेली. १९४२ पासून या नवाहो सैनिकांनी आपल्या मातृभाषेतून बांधलेल्या सांकेतिक भाषेत संदेश पाठवले आणि जपान्यांना ती कधीच फोडता आली नाही. यांतल्या अनेकांना लहानपणी सरकारी शाळांत हीच भाषा बोलल्याबद्दल मार बसला होता. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं पान गेलं. १९४४ मध्ये सैन्यात असताना बसच्या मागच्या बाजूला जायला नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. व्हिएतनाममध्ये लढलेले काळे मेजर जनरल चार्ल्स रॉजर्स यांचंही पान गायब झालं. सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेला माणूसही सुटला नाही.

ही पानं सैन्याच्याच माहिती विभागांत काम करणाऱ्यांनी मेहनतीने तयार केली होती. त्यांना उत्तम लिहिता येतं, उत्तम फोटो काढता येतो. पण खोडरबर त्यांच्या हातात नाही, ते हुकमाकडे आहे. शाळा कसं बोलायचं ते शिकवते. काय बोलायचं आणि काय पुसायचं, हे वरून ठरतं.

कुणी म्हणेल, पानं परत आली ना? आली, पण कशी? कुटुंबीयांनी, मूलनिवासींनी, वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली म्हणून आली. ज्यांच्या मागे बोंब ठोकणारं कुणी नाही, अशा साध्या शिपायाच्या फोटोचं काय? आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या जाचक अटी मान्य करण्याऐवजी बहुतेक मोठ्या वृत्तसंस्थांच्या पत्रकारांनी पेंटागॉनमधले आपले ओळखपत्र-बिल्ले परत केले. म्हणजे बोंब ठोकणाराही दाराबाहेर.

दुसरा आक्षेप असा की सैन्य आहे, शिस्त असणारच. शिस्त असावी, युद्धातली गुपितंही असावीत. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या नवाहो सैनिकाचं नाव कोणतं गुपित फोडतं? ही शिस्त नव्हे, ही वर्चस्वाची साफसफाई आहे.

आम्हाला ही गोष्ट ओळखीची आहे. १८९२ नंतर महारांची सैन्यभरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिशांसाठी लढलेले एकाएकी 'लढवय्ये' राहिले नाहीत, कारण सरकारने लढाऊ जातींची यादी बदलली. पलटणीचा कागद पलटणीने फिरवला. तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारची विनवणी करणारा अर्ज स्वतः लिहिला. सरकारी कागद खोटं बोलला, म्हणून माणसांनी आपला कागद काढला.

भीमा कोरेगावच्या स्तंभाचंही असंच आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या फौजेच्या गौरवासाठी उभारला. आजच्या भाषेत तीही सैन्याची प्रसिद्धीच! त्यावर 'नाक' लागलेली आमच्या पूर्वजांची नावं कोरली गेली, पण ती वाचायला जाणारी माणसं नसती तर तो नुसता दगड राहिला असता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे उभे राहिले आणि कंपनीचा दगड आमची आठवण झाला.

म्हणून आमचं म्हणणं असं. फोर्ट मीडच्या शाळेकडून कसब जरूर शिका. लिहिणं, फोटो, चित्रफीत हे नेटाने शिकायचं काम आहे, नुसत्या उत्साहाने ते होत नाही. पण आपला इतिहास कुठल्याही सैन्याच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर ठेव म्हणून सोडू नका. गावागावांत पलटणीत राहिलेल्या आजोबांच्या पेट्या आहेत. त्यात डिस्चार्जचे कागद, पदकं, पेन्शनची पुस्तकं, पिवळे पडलेले फोटो आहेत. त्यांच्या प्रती काढा, नाव-गाव-पलटण लिहून ठेवा, आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि एकाहून जास्त ठिकाणी जपा.

'मूकनायक' काढताना बाबासाहेबांनी कुणाच्या शाळेची वा परवानगीची वाट पाहिली नाही. आपणही पाहायचं कारण नाही.

जय भीम!