चार माणसांची बोट, दोघांपुरती

‘मला पण ने की एकदा.’

रविवारी रात्री जेवताना बाबा हे म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला. कारण त्याआधीची पंधरा मिनिटं मी त्यांना रंगवून रंगवून सांगत होते, की मित्राच्या रबरी बोटीतून आम्ही भिगवणला कसे गेलो, उजनीच्या पाण्यात गळ टाकून कसे बसलो, काय सॉलिड धमाल आली वगैरे वगैरे. जे सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं.

झालं असं होतं. मार्चमधली दुपार. आयटीतला एक मित्र, मी आणि त्याने सेलमध्ये उचललेली एक गोंडस बोट. डब्यावर दोन माणसांचा हसरा फोटो आणि खाली बारीक अक्षरात ‘कमाल वजन ९५ किलो’. तो ७२, मी ५४. बेरीज तुम्हीच करा. आम्ही केली नाही. काठापासून दीडेकशे मीटर आत गेलो आणि वारा सुटला. प्लॅस्टिकची वल्ही म्हणजे जवळजवळ भाताचे डाव. दोन हात पुढे जायचो, तीन हात मागे. कडेवरून पाणी आत यायला लागलं. लाइफ जॅकेट? ‘अरे, तळ्यातच तर जायचंय!’ शेवटी लांबून एक मच्छीमार दादा लाकडी होडी घेऊन आले आणि आम्हाला दोरीने ओढत काठाला लावलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘ताई, ह्यो फुगा हाय. फुग्याला वारा नेनार न्हाई तर काय?’

आता बाबांना काय सांगणार? बाबांचं लहानपण इंदापूर तालुक्यातलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याआधी भीमा जिथे नुसती नदी होती तिथे ते शाळा बुडवून गळ टाकायचे. नंतर नोकरी, पुणे, कर्ज, आम्ही दोघी बहिणी. आता रिटायर झालेत, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि दिवसभर टीव्हीसमोर बसून रिमोटशी भांडतात. त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. ‘नेते ना,’ असं तोंडातून निघूनही गेलं होतं.

त्याच आठवड्यात एका क्लायंटचा चार महिने लटकलेला चेक आला (फ्रीलान्सर मंडळींनो, तुम्हाला ह्या वाक्यातला आनंद कळेल). बजेट ठरवलं पंचवीस हजार. त्यातले सहा हजार पहिल्याच दिवशी बाजूला काढले. त्यातून दोन लाइफ जॅकेट, एक बरा पंप आणि दोर घ्यायचा, उरलेल्यात बोट. हा क्रम उलटा केला की जॅकेट कधीच घेतलं जात नाही, हे मी मित्राकडे बघून शिकले होते. जॅकेट घेताना लेबलवरचा न्यूटनचा आकडा बघा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ मदत असेल तिथे वापरायचं. १०० न्यूटनचं शांत पाण्यात माणसाला तोंड वर ठेवून तरंगवायला बनवलेलं असतं. बाबा पोहण्यात एकेकाळचे चॅम्पियन, पण त्या गुडघ्याने आज पाय मारता येतील का? आम्ही १०० वालीच घेतली. दोघांनाही.

आता बोट. पहिला फंडा असा, की डब्यावरच्या माणसांच्या आकड्याला सरळ दोनने भागायचं. ‘चार माणसांची’ म्हणजे चार माणसं एकमेकांच्या बरगड्यांत गुडघे खुपसून बसली तर मावतील, एवढाच अर्थ. मासे पकडायचे तर गळ, डबा, बादली, जेवण आणि मागे हात फिरवायला जागा लागते. इंटेक्सच्या स्वस्तातल्या रेंजचंच उदाहरण घ्या. एक्सप्लोरर २०० ही १८५ सेंटिमीटर लांब आणि ९५ किलोची, म्हणजे एका बारीक माणसाची. सीहॉक २ ही २३६ सेंटिमीटर, २०० किलो. सीहॉक ४ ही ३५१ सेंटिमीटर लांब, १४५ रुंद आणि ४०० किलोची. रुंदीवरही भुलू नका. दोन्ही बाजूंच्या फुगलेल्या नळ्या वजा केल्या, की आत बुड टेकायला साधारण निम्मीच रुंदी उरते.

मी आणि बाबा मिळून १३८ किलो. कागदावर सीहॉक २ आम्हाला पुरली असती. पण बाबांचा गुडघा! त्यांना पाय दुमडून बसता येत नाही, सरळ पसरावा लागतो. म्हणून आम्ही किलोपेक्षा लांबी बघितली. एकट्याने बसायची कयाक स्वस्त आणि चपळ असते, वाऱ्यात ती ह्या गोल बोटींपेक्षा सरळही चालते. तुम्ही पंचविशीत असाल आणि एकटे जाणार असाल तर खुशाल तीच घ्या. पण तिची बैठक जवळजवळ पाण्याच्या पातळीला असते. बाबांना तिच्यात बसवलं असतं तर उठवायला क्रेन बोलवावी लागली असती.

दुसरा फंडा, हवेचे कप्पे. निदान दोन कप्पे पूर्ण वेगळे हवेत, म्हणजे एक बसला तरी दुसरा तुम्हाला काठापर्यंत आणेल. हे दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका, घरी करून बघा. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोट फुगवली आणि एका कप्प्याचा व्हॉल्व्ह उघडला. सेक्रेटरींनी ‘पावसाळ्याची तयारी का?’ असं विचारून घेतलंच. बोट लुळी पडली, पण आकार राहिला. पास! मग रात्रभर तशीच ठेवली. सकाळी जराशी मऊ लागली म्हणून घाबरू नका. नवं पीव्हीसी पहिल्यांदा ताणलं जातं आणि रात्री थंड झालेली हवा आकसते. पूर्ण चपटी झाली तर मात्र तडक परत करा.

तिसरी गोष्ट आहे कापडाची जाडी. (कापड कसलं, पीव्हीसीच, पण दुकानात असंच म्हणतात. आणि रबर नसलं तरी बोट रबरीच!) उजनीच्या काठाला वेड्या बाभळीचं राज्य आहे, आणि तिचा काटा चपलेतून आरपार जातो. पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे खुंट, जुन्या जाळ्यांचे तुकडे असतात ते वेगळेच. त्यामुळे रंगीत, पातळ, स्विमिंग पूलवाली बोट तिथे चालणार नाही. जाड पत्र्याची बरी. ‘पत्रा’ हा बाबांचा शब्द. पण जाड घेतली तरी काठावर जुनी ताडपत्री अंथरून तिच्यावरच फुगवायची, आणि घसटत न नेता दोघांनी उचलून पाण्यात सोडायची. बोटीत गळाच्या टोकाला बूच लावून ठेवायचं. आणखी एक लोचा कोणीच सांगत नाही. चिलापीच्या पाठीवरचे काटे! मासा बोटीत मोकळा फडफडला तर तोच तुमची बोट फोडेल. झाकणाची बादली मस्ट.

मोटर लावायची का, ह्यावर घरात जोरदार डिबेट झालं. मित्राचं म्हणणं, छोटी इलेक्ट्रिक मोटर लाव, वल्ह्यांची कटकटच नको. पण मोटर आली की बॅटरी आली, आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे आणखी एक दणदणीत प्रवासी, तोही ॲसिडवाला. शिवाय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते. आमच्या बजेटमध्ये हे सगळं कुठे बसणार? आम्ही त्याऐवजी ॲल्युमिनियमची बरी वल्ही आहेत ना एवढं बघितलं आणि लांब न जाण्याचं ठरवलं.

घेतली सीहॉक ४ च. डबा उचलून दुसऱ्या मजल्यावर चढवताना माझी कंबर बोलली, ही तिची एकमेव वाईट बाजू. म्हणजे आणखी एक आहे. तळ मऊ असतो, त्यावर उभं राहता येत नाही. आम्ही लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या फोमच्या जोडायच्या चटया तळावर घातल्या, पायाला बरं वाटतं. पण उभं राहून स्टाइलमध्ये गळ फेकायचा विचार सोडाच.

राहिला प्रश्न मार्चमधल्या त्या दुपारचा. बोट घरात आली त्या रात्री मी बाबांना सगळं सांगून टाकलं. दीडशे मीटर, भाताचे डाव, नसलेलं जॅकेट, सगळं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात ह्याच उजनीत, कळाशी आणि कुगावच्या मध्ये, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले होते. ती बातमी त्यांनी तेव्हा पेपरात दोनदा वाचलेली मी पाहिली होती. मला वाटलं, आता बोट पॅक करून परत द्यावी लागणार.

‘दुपारी का गेलात?’ एवढंच विचारलं. मग म्हणाले, ‘उन्हाळ्यात पाण्यावर पहाटे जायचं आणि ऊन चढायच्या आत काठाला यायचं. हे मला विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का?’

आम्ही एका शनिवारी पहाटे चारला निघालो. भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर, सोलापूर हायवेने उजाडायच्या आत पोचलो. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने तिथल्या मच्छीमारांकडे असतात. म्हणून आधीच फोन करून त्याच होडीवाल्या दादांना विचारलं होतं. त्यांनी कुठे बसायचं, जाळी कुठे लावलीत, कुठे फिरकायचं नाही ते सांगितलं. मला ओळखलंच होतं. जॅकेट बघून हसले.

पाण्यात सोडल्यावर बोट पुन्हा मऊ झाली (थंड पाणी, तीच भानगड), तेव्हा पंप सोबत हवाच. उलट ऊन तापल्यावर बोट बाहेर काढून ठेवली तर थोडी हवा सोडा, नाहीतर शिवणी ताणतात. नांगर म्हणून आम्ही गोणीत वाळू भरून नेली होती. लोखंडी टोकदार नांगर ह्या बोटीत म्हणजे आत्महत्याच. दोर पुढच्या टोकाला बांधायचा. बाजूला बांधला तर वाऱ्यात बोट आडवी होते आणि पाणी आत.

काठापासून चाळीस-पन्नास मीटरवर थांबलो. बाबांनी उजवा पाय लांब केला, कणकेची गोळी गळाला लावली आणि गप्प झाले. त्यांचं ते गप्प बसणं घरातल्या गप्प बसण्यासारखं नव्हतं. मध्येच हाताने समोर दाखवून म्हणाले, ‘तिकडे पळसदेव. पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं.’ तेव्हा वर आलेलं नव्हतं. नऊ वाजेपर्यंत तीन चिलापी मिळाल्या, त्यातली एक एवढीशी होती ती सोडून दिली. सव्वानऊला पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या आणि मी म्हटलं, ‘बाबा, अजून दहा मिनिटं?’

त्यांनी गळ गुंडाळायला घेतला होता.

घरी आल्यावर बोट गच्चीत सावलीत पूर्ण सुकवली, घडीत टाल्कम पावडर मारली आणि माळ्यावर टाकली. ओली ठेवली तर बुरशी धरते आणि बाल्कनीत ठेवली तर उंदीर. आईने दोन चिलापी तळल्या, काटे फार म्हणून कुरकुर केली. बाबा जेवताना फोनवर पुढच्या आठवड्याच्या वाऱ्याचा अंदाज बघत होते.