घरात थांबा म्हणालात, मग ताटाचं काय?

मे २०२० मधल्या केंद्र सरकारच्या आदेशांत ६५ वर्षांवरच्या नागरिकांनी अत्यावश्यक गरज किंवा उपचार सोडून घराबाहेर पडू नये, असं लिहिलेलं होतं. कोविडची साथ पाहता ते योग्यच होतं. पण रोज स्वतः मंडईत, दूध केंद्रावर, बँकेत जाणाऱ्या माणसाला घरात बसवलं, की त्याच्या पोटाची जबाबदारी आदेश काढणाऱ्यावरही येते. पुढची साथ किंवा पुढचा महापूर येण्याआधी ही जबाबदारी कागदावर यायला हवी. त्यासाठी हे मुद्दे.

१. टाळेबंदी ज्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागू झाली, तो २००५ चा. त्याच्या मूळ कलम १२ मध्ये मदत छावण्यांतल्या निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांचे किमान निकष ठरवायला सांगितलं होतं. विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूदही होती, ती हवीच. वृद्धांचा मात्र तिथे उल्लेख नव्हता. याउलट २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलांना बजावतो, की निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी आलं. मुलांवर जे बंधन आपण घातलं, ते संकटाच्या काळात शासनाने स्वतःवरही घालून घ्यावं.

२. रेशनवर एप्रिल २०२० पासून महिन्याला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळालं. त्या धान्याने लाखो चुली पेटत्या ठेवल्या, याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. सोबत दर शिधापत्रिकेमागे महिन्याला १ किलो डाळ होती. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत डाळीऐवजी अख्खा हरभरा आला. २०२१ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली ती नुसत्या धान्याची. आता हिशेब करा. किलोभर हरभऱ्यात साधारण १९० ग्रॅम प्रथिनं असतात. चौघांच्या घरात त्यातून रोज माणशी दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. आणि दात पडलेल्या आजीने अख्खा हरभरा चावायचा कसा? कवळी मोडली असेल, तर दाताच्या दवाखान्यात जाणंही तेव्हा सोपं नव्हतं. तोच हरभरा भाजून, दळून, नाचणी-ज्वारीबरोबर पीठ करून दिला असता, तर त्याचं धिरडं झालं असतं, उकड झाली असती. गावोगावच्या बचत गटांना हे काम नवं नाही. संकटातल्या शिध्यात वृद्धांच्या घरासाठी दळलेलं कडधान्य, मूगडाळ आणि शेंगदाणे असावेत, ही माझी मागणी.

३. ‘म्हातारपणी लागतं किती?’ हा आपल्या घराघरांतला समज आधी सोडला पाहिजे. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि अंथरुणाला खिळलं, की ती झीज वेगाने होते. म्हणून वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं तज्ज्ञ सांगतात. आजारपणात त्याहून जास्त (मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच). म्हणजे ५० किलोच्या माणसाला निदान ५० ग्रॅम. पेज, चहा आणि बिस्किटं यांवर ते भागत नाही. कोविडमध्ये तर अनेकांची चव आणि वासही गेला होता, ताट समोर असूनही घास उतरत नव्हता. अशा वेळी थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं: तूप घातलेली मुगाची खिचडी, दही, कुळथाचं पिठलं, चालत असेल तर अंडं. पाण्याचीही आठवण करून द्यावी, कारण या वयात तहान लागल्याचं लवकर कळत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्या आणि जेवण राहिलं, तर साखर घसरून जिवावर बेतू शकतं.

४. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली, टाळेबंदीत ५ रुपयांना आणि एप्रिल २०२१ मध्ये मोफत पार्सल म्हणून मिळू लागली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चांगली योजना, पण ती केंद्रावर जाऊ शकणाऱ्याची. ज्याला जिना उतरता येत नाही, त्याच्या दारापर्यंत ती जायला हवी होती. केरळात ‘कुटुंबश्री’ बचत गटांच्या महिलांनी स्थानिक स्वराज्य संस्थांबरोबर सामूहिक स्वयंपाकघरं चालवली आणि घरपोच जेवण पोचवलं. आपल्याकडेही केंद्रागणिक डबे पोचवणारी दोन माणसं नेमली, तर हे जमण्यासारखं आहे.

५. निवृत्तिवेतन वेळेवर द्या. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे दोन महिने अडले, की आधी दूध बंद होतं, मग भाजी.

६. गरजू वृद्धांची यादी आधीच तयार हवी. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं दारोदार गेली. त्यांनी ताप मोजला, प्राणवायूची पातळी पाहिली, जुने आजार विचारले. त्याच भेटीत तीन प्रश्न आणखी विचारता आले असते: काल दिवसभरात काय खाल्लंत? स्वयंपाक कोण करतं? कपडे सैल झालेत का? आशाताईंना कोणत्या घरात एकटी आजी राहते, हे बहुधा माहीत असतं. मात्र यादीचं हे काम फुकटात त्यांच्या माथी मारू नये. वेगळा मोबदला द्यावा आणि ती यादी दर सहा महिन्यांनी ग्रामपंचायतीने किंवा प्रभाग कार्यालयाने तपासावी. संकट जाहीर झालं, की पहिला डबा ४८ तासांच्या आत त्या यादीतल्या प्रत्येक दारात पोचला पाहिजे, आणि तो पोचला की नाही याचं उत्तर तहसीलदारांनी किंवा पालिका आयुक्तांनी द्यावं.