वेताळाच्या एकवीस पिढ्या आणि गुरनचे पूर्वज

कॉमिक्समधल्या नायकांच्या खानदानाची चिकित्सा करायला आंबेडकरी कार्यकर्त्यांना वेळ कुठून मिळतो, असा प्रश्न काही मित्र विचारतील. उत्तर सोपे आहे. मूल जात शिकते ती मनुस्मृती वाचून नव्हे. ते गोष्टींमधून शिकते. कोणाला वंशावळ असते आणि कोणाला नसते, कोणी हुकूम द्यायचा आणि कोणी राखण करायची, हे सगळे गोष्टीत मुरलेले असते. म्हणून गोष्ट तपासावी लागते. आज आपण वेताळाची तपासू.

अमेरिकन लेखक ली फॉक याची 'फँटम' ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात सुरू झाली. १९६४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि हा फँटम भारतीय भाषांत पोचला. मराठीत तो वेताळ झाला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले, पण वेताळ आपल्या आधीच्या पिढीच्या डोक्यात पक्का बसला आहे.

त्याच्या घराण्याची कथा अशी. १५३६ मध्ये समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात. एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागतो. बांदार नावाची बुटक्या लोकांची जमात त्याला वाचवते. तो आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढेन, आणि माझी मुले, त्यांची मुले हेच काम पुढे चालवतील. तेव्हापासून बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. आधीच्या वीस जणांच्या कबरी कवटीगुहेत आहेत. प्रत्येकाने लिहिलेल्या रोजनिश्या तिथे ओळीने लावलेल्या आहेत. खजिनाही तिथेच आहे.

आता समाजशास्त्राच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात ती गोष्ट आठवा. अर्पित दर्जा जन्माने मिळतो, अर्जित दर्जा कर्तृत्वाने. वेताळ शूर आहे, न्यायी आहे, सगळे कबूल. पण तो वेताळ आहे तो एकाच कारणाने. तो विसाव्याचा मुलगा आहे. जंगलात त्याच्याहून शहाणा, त्याच्याहून धाडसी कोणी जन्मला तरी त्याला मुखवटा मिळणार नाही. शपथ एका माणसाने घेतली आणि बांधली गेली ती न जन्मलेली मुले. व्यवसाय जन्माने ठरवणे म्हणतात ते हेच.

यात वेताळाचेही नुकसान आहे, हे विसरू नका. एकविसावा लहानपणी शिकायला अमेरिकेत गेला. तिथे तो उत्तम खेळाडू झाला, त्याच्यापुढे अनेक वाटा होत्या. बाप मरणाच्या दारात असल्याचा निरोप आला आणि सगळ्या वाटा बंद झाल्या. त्याला कोणी विचारले नाही की बाबा, तुला काय व्हायचे आहे?

योगायोग पाहा. ज्या वर्षी फँटम जन्मला त्याच वर्षी, मे १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने जे भाषण होऊ दिले नाही तेच हे पुस्तक. जात माणसाला आपला धंदा निवडू देत नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. दुसरा मुद्दा पुरोहितपदाचा. ते रद्दच करावे आणि जमत नसेल तर निदान वंशपरंपरागत राहू नये. परीक्षा द्यावी, सनद घ्यावी, मग कोणाच्याही पोटी जन्मलेला असो. न्यूयॉर्कचा एक लेखक बापाकडून मुलाकडे जाणारे पद रोमांचक करून विकत होता, त्याच वर्षी मुंबईत एक बॅरिस्टर अशा पदांच्या मुळावर घाव घालत होता.

गोष्टीचा दुसरा भाग याहून महत्त्वाचा आहे. तो भाग म्हणजे गुरन.

गुरन हा बांदारांचा प्रमुख, वेताळाचा बालमित्र. त्याची जमात काय करते? खोल जंगलाची आणि गुहेची राखण करते. विषारी बाण घेऊन पहारा देते. ढोल वाजवून निरोप पोचवते. मोबदला काय? संरक्षण आणि जवळीक. का करते? पहिल्या वेताळाने त्यांना वासाका लोकांच्या गुलामगिरीतून सोडवले म्हणून. उपकार चारशे वर्षांपूर्वीचा, फेड अजून चालू. म्हणजे वेताळपद वारशाने येते आणि त्याची चाकरीही वारशाने येते.

मित्रांनो, राखण आणि निरोप ही कामे ऐकून काही आठवले का? महार वतन. गावाची राखण करा, सरकारी निरोप पोचवा, मेलेले ढोर ओढा. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. बापाने केले म्हणून मुलाने करायचे. गाव याला मान म्हणत असे. बाबासाहेबांनी ही बेडी ओळखली होती. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, कारण वतनात माणूस अडकला की तो दुसरे काही होऊ शकत नाही. गुरनकडेही असेच वतन आहे. फरक इतकाच की कॉमिक्समध्ये त्याच्या चेहऱ्यावर कायम हसू काढलेले असते.

आणि गुरनचे पूर्वज? वेताळांना क्रमांक आहेत. पहिला, सहावा, एकविसावा. सहाव्याने जंगल गस्तीदल स्थापन केले, हे वाचकाला पाठ असते. पण त्या एकवीस पिढ्यांबरोबर बांदारांच्याही तेवढ्याच पिढ्या जगल्या, मेल्या. त्यांच्या कबरी कुठे आहेत? त्यांची रोजनिशी कोणी लिहिली? आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सातवीतल्या एका मुलीने जुना अंक वाचून विचारले, "दादा, गुरनच्या आजोबांचे नाव काय?" त्या अंकात उत्तर नव्हते. ज्यांच्या घरात आजोबांच्या वडिलांचे नाव सांगता येत नाही, त्या घरातल्या मुलीलाच हा प्रश्न सुचतो.

बायकांचेही तेच. शपथ मुलांची आहे, मुलींची नाही. एका वेताळाची बहीण ज्युली भाऊ जखमी असताना मुखवटा घालून लढली. काम केले, पण क्रमांक मिळाला नाही. वंशावळीत ती अधेमधे उभी आहे.

कोणी म्हणेल, वेताळ तर दुबळ्यांच्या बाजूने लढतो, मग इतके कशाला खणायचे? चांगला मालक मिळाला म्हणून मालकी चांगली ठरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शिवाय या घराण्याची सत्ता एका असत्यावर उभी आहे. जंगलातल्या लोकांना वाटते की चारशे वर्षे तोच एक माणूस जिवंत आहे, तो मरत नाही. वीस माणसे मेली, पण मुखवट्याने मरण झाकले. माणसांनी केलेली व्यवस्था सनातन आहे असे भासवायचे तंत्र याहून वेगळे काय असते? आणि हे गुपित कोणाला माहीत आहे? बांदारांना. ज्यांना सत्य माहीत आहे तेच त्या असत्याची राखण करतात. गुलामाला गुलामीची जाणीव करून द्यावी लागते ती इथेच.

कॉमिक्सला वंशाशिवाय चालत नाही असेही नाही. २०११ मध्ये अमेरिकेत माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आला. ब्रुकलिनचा, कृष्णवर्णीय बाप आणि पोर्तो रिकन आई यांचा मुलगा. आधीच्या स्पायडरमॅनशी, पीटर पार्करशी, त्याचे रक्ताचे नाते नाही. पीटर मरतो आणि माइल्स ठरवतो की हे काम आता मी करीन. मुखवटा तोच, पण इथे तो कामामागून आला. जगभरच्या मुलांनी त्याला आपला मानला.

आपल्याकडे हे नवे नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंना मूल नव्हते. त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. तिघांपैकी एकाशीही रक्ताचा संबंध नाही. आपली वंशावळ अशी विचाराने जोडलेली आहे.

म्हणून शेवटचे बोलणे आपल्याच लोकांशी आहे. अलीकडे आपली हुशार मुले कॉमिक्स काढू लागली आहेत, पोस्टर करू लागली आहेत. त्यांत "आमच्या रक्तातच लढाई आहे" अशी वाक्ये वाढत चालली आहेत. नेत्याचा मुलगा नेता, हेही आपण निमूट मान्य करू लागलो आहोत. हा वेताळाचाच सांगाडा आहे, फक्त निळा रंग दिलेला. पूर्वजांचा अभिमान जरूर धरा, ज्यांचा इतिहास पुसला त्यांना तो अधिकार आहेच. पण वीर दाखवताना त्याला ते धैर्य कुठून आले तेही दाखवा. शाळेतून, सभेतून, पुस्तकातून, शेजारच्या बाईकडून. नाहीतर वाचणाऱ्या पोराला वाटेल की धैर्य जन्माने येते आणि ते आपल्याकडे नसेल तर संपले.

चित्र काढणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक काम सुचवतो. गुरनची रोजनिशी काढा. त्याच्या आजीपासून सुरू करा. आणि शेवटच्या पानावर त्याच्या मुलीला ठरवू द्या की तिला गुहेबाहेर पहारा द्यायचा आहे की आणखी काही व्हायचे आहे.

जय भीम!