खोन्शू देव आणि आपल्या गावातला भगत

मार्व्हलचा 'मून नाइट' आपल्या पोरांना आता चांगलाच ठाऊक आहे. 1975 साली तो कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला आणि 2022 च्या मालिकेमुळे अमरावती-अकोल्यातल्या मोबाइलपर्यंत पोचला. काही जुने कार्यकर्ते म्हणतात, हा विदेशी पोरखेळ. आंबेडकरी चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, म्हणूनच आम्ही लिहीत आहोत.

मार्क स्पेक्टर हा एका ज्यू धर्मगुरूचा मुलगा, पैशासाठी लढणारा भाडोत्री सैनिक. इजिप्तमध्ये मरायला टेकलेला असताना खोन्शू या चंद्रदेवाच्या मूर्तीपुढे तो पुन्हा उठतो आणि त्या देवाचा हस्तक बनतो. त्याच्या आत स्टीव्हन ग्रँट, जेक लॉकली अशी आणखी माणसे वावरतात. तो सांगतो ते घडले की तो भास होता, वाचकाला कळत नाही. जेफ लेमायर यांच्या 2016 च्या कॉमिकमध्ये तर तो मनोरुग्णालयातच जागा होतो. देव खरा की आजार खरा, हे लेखक मुद्दाम लटकते ठेवतात.

कथेत ते ठीक आहे. सांगणारा कितीही मोठा असो, त्याचे म्हणणे तपासून घ्या, ही सवय बाबासाहेबांनी 'रिडल्स'मधून आपल्याला लावलीच आहे. (त्या ग्रंथाची प्रत 1988 साली आमच्याच अमरावतीत जाळली गेली, हेही लक्षात असू द्या.) पण वऱ्हाडातल्या गावात हा प्रश्न लटकता ठेवणे परवडत नाही. माणूस एकटाच बडबडू लागला की अंगात आले, बाहेरचे लागले. मग भगत, लिंबू, अंगारा आणि मार. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारण्यापासूनच सुरू होते, ती उगाच नाही. आणि 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही रुग्ण आधी भगताकडेच जातो. लपवून काय उपयोग?

मात्र सारे खापर अंधश्रद्धेवर फोडणे सरकारच्या सोयीचे आहे. कॉमिकमधला स्टीव्हन ग्रँट कोट्यधीश आहे. त्याला आजारी पडणे परवडते. आमच्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर. कापूस वेचणाऱ्या बाईने मुलाला घेऊन तिथे जायचे तर मजुरी बुडते, भाडे लागते. भगत गावातच असतो आणि उधारीवरही चालतो.

दुसरे असे की, नायकाच्या बोलण्यावर शंका घेऊन वाचक मजा घेतो, पण गावात 'येडा' म्हटले की माणसाची साक्षच बाद होते. अत्याचाराविरुद्ध ठाण्यात गेलेल्या बाईला 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणणारे कोण असतात, हे वाचकांना सांगायला नको. मानसिक आरोग्य कायदा 2017 चे कलम 3 म्हणते, सामाजिक किंवा आर्थिक दर्जावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आणि आजाराचे निदान झाले तरी न्यायालयाने ठरवल्याशिवाय कोणी अस्थिरबुद्धी ठरत नाही. ही तरतूद आपल्या किती वकिलांनी वापरली?

येत्या 14 एप्रिलला इर्विन चौकात आणि अशोक वाटिकेत पुस्तकांचे स्टॉल लागतीलच. पोरांनी मून नाइटही तिथे ठेवावा, आमची हरकत नाही. शेजारी एक फलक लावावा: जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार, वेळ आणि टेलिमानसचा क्रमांक 14416.